फोल्डर होतं, डिस्क नव्हती

मानवतच्या एका लग्नाचे बावीस जीबी फोटो माझ्याकडून गेले, असं मी दोन दिवस धरून चाललो होतो. मुलीचे वडील दुकानात दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा फोन आला, "भाऊ, कधी देता मग? पोरगी तिकडून रोज इचारायली." मी म्हणालो, अल्बमचं डिझाइन चालू आहे. डिझाइन कशाचं करणार, फोटोच सापडत नव्हते. कॅमेऱ्याची कार्डं दुसऱ्याच दिवशीच्या लग्नासाठी फॉरमॅट करून झालेली. एप्रिलमध्ये तिथी इतक्या दाट असतात की कार्ड दोन दिवस कुणी राखून ठेवत नाही. चूक आहे, पण धंदा असाच चालतो.

हे कसं झालं ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

सेलूत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, डोहाळेजेवण, पासपोर्ट फोटो, सगळं. टेबलाच्या खालच्या खणात नऊ हार्डडिस्क होत्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून वर्ष लिहिलेलं, आणि निम्म्या पट्ट्यांवरची शाई उडालेली. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातला एक फोटो कुणी मागितला की खण उपसायचा, डिस्क लावायची, नाही ही नव्हे, दुसरी लावायची. माझा पुतण्या नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत आला तेव्हा हा तमाशा बघून म्हणाला, "काका, माझ्याकडं एक रास्पबेरी पाय पडून आहे. त्याला सगळ्या डिस्का लावू. दुकानातल्या कोणत्याबी कॉम्प्युटरवरून उघडतील."

रास्पबेरी पाय म्हणजे एटीएम कार्डाएवढ्या पाटीवरचा आख्खा कॉम्प्युटर. माझ्याकडे आलं ते २०१९ साली निघालेलं चौथं मॉडेल. त्यात हार्डडिस्क नसते, मेमरी कार्डावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, टाकायचं आणि चालू करायचं. पुतण्याने बत्तीस जीबीच्या कार्डावर त्याची 'लाइट' आवृत्ती टाकली. या आवृत्तीत चित्रं नाहीत, माउस नाही, काळा पडदा आणि अक्षरं. दुकानातल्या विंडोज कॉम्प्युटरवरून त्याला लॉगिन कसं करायचं तेही त्याने दाखवलं आणि मराठवाडा एक्सप्रेसने परत गेला. पुढचं सगळं फोनवर.

पहिल्या दिवशी डिस्क लावली आणि काहीच झालं नाही. विंडोजवर डिस्क लावली की टुंग असा आवाज येतो, खिडकी उघडते. इथे शांतता. मी पुतण्याला फोन केला, तुझं हे बंद पडलंय. तो हसला. या लाइट आवृत्तीत डिस्क आपोआप उघडत नाही, ती आपण जोडायची असते. एक रिकामं फोल्डर बनवायचं आणि लिनक्सला सांगायचं, ही डिस्क या फोल्डरवर बसव. यालाच माउंट म्हणतात. बसवली की फोल्डर उघडल्यावर डिस्क दिसते. 'फोल्डरवर' हा त्याचा शब्द मी तेव्हा नीट ऐकलाच नाही. फोल्डर म्हणजेच डिस्क, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पण माउंट करायच्या आधी डिस्क दिसायला तर पाहिजे. त्यासाठी 'एलएसबीएलके' नावाची कमांड आहे, ती जोडलेल्या डिस्कांची यादी देते. मी दिली. यादीत फक्त मेमरी कार्ड. डिस्क लावलेली, तिचा दिवा लागलेला, पण यादीत नाही. कान लावला तर आतून आवाज येत होता: टिक, टिक, मग गुर्र, मग पुन्हा टिक. डिस्क उभी राहायला बघते, जमत नाही, परत बसते. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की कूलर असंच करतो. तो आवाज ओळखायला मला इंजिनिअरिंग लागलं नाही.

पुतण्याने 'डीमेसेज' बघायला सांगितलं. लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, आपल्याशी जे बडबडतं ते तिथे सापडतं. त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा: यूएसबीला नवीन वस्तू मिळाली, ती वाचता आली नाही, वस्तू गेली, नवीन वस्तू मिळाली. मग त्याने अजून एक कमांड द्यायला लावली, 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड'. उत्तर आलं शून्य एक्स ५०००५. मला वाटलं हा एरर नंबर. तो म्हणाला, हा नंबर नाही, खुणा आहेत. शेवटचा पाच म्हणजे आत्ता या क्षणी व्होल्टेज कमी आहे आणि म्हणून प्रोसेसर हळू चालवला जातोय. पुढचा पाच म्हणजे चालू केल्यापासून असं आधीही झालंय. या बोर्डाला ४.६३ व्होल्टच्या खाली वीज गेली की तो तक्रार नोंदवतो.

मी त्याला कशावर चालवत होतो? मोबाईलच्या जुन्या चार्जरवर. दोन अँपिअर लिहिलेलं, वायर दीड मीटरची आणि केसासारखी बारीक. या पायला स्वतःसाठी आणि डिस्कसाठी मिळून पाच व्होल्टला तीन अँपिअरचा पुरवठा लागतो. त्यातही त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर मिळतात. अडीच इंची डिस्क नुसती फिरायला लागतानाच एक अँपिअरच्या आसपास ओढू शकते. म्हणजे चार पोर्ट दिसतात म्हणून चार डिस्का लावायच्या, असं नाही. दोन लावल्या तरी ओढाताण. आमच्या डीपीवर जशा मंजूर मोटारी पाच आणि चालू अकरा, तसाच हिशेब.

५.१ व्होल्टचा, तीन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर मागवला. एक डिस्क लगेच यादीत आली: 'एसडीए', तिच्या पोटात 'एसडीए१'. दुसरी लावली आणि दोन्ही गायब. शेवटी स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घेतला, म्हणजे डिस्कांची वीज हबकडून आणि पायकडून फक्त माहितीची देवाणघेवाण. सेलूत असा हब मिळाला नाही. जो मिळतो तो एकाचे चार करणारा, स्वतःची वीज नसलेला, आणि तो इथे काहीच कामाचा नाही. ऑनलाइन मागवला, आठवडा लागला. त्या आठवड्यात मी तीन वेळा डिस्क खराब झाली म्हणून जाहीर केलं होतं. डिस्क एकदम ठणठणीत होती.

वीज सुटली, डिस्क माउंट झाली, फोटो दिसायला लागले. नवीन फोल्डर बनवायला गेलो तर 'रीड ओन्ली'. वाचा, पण हात लावू नका.

ही डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. लिनक्स ती वाचतं, लिहितंही. पण डिस्क नीट बंद झालेली नसेल तर लिहायला नकार देतं. मी तर रोज संध्याकाळी कॉम्प्युटर नीट शटडाउन करून मगच डिस्क काढत होतो. इथे एक गंमत कळली. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन म्हणजे खरं शटडाउन नसतं. सिस्टिमचा काही भाग झोपवून ठेवलेला असतो, सकाळी लवकर उठावं म्हणून. जोडलेल्या डिस्कचे काही हिशेब त्या झोपेत अडकून राहतात. लिनक्सला ते अर्धवट हिशेब दिसतात आणि ते म्हणतं, ज्याने वही उघडी ठेवली त्यालाच बंद करू द्या, मी त्यात खरडणार नाही. लिनक्सचं हे वागणं मला आवडलं. आमच्या बाजारात मुनीमही असाच पाहिजे.

डिस्क परत विंडोजला लावली, फास्ट स्टार्टअप बंद केलं, विंडोजचीच चेकडिस्क चालवली, मग 'सेफली रिमूव्ह' करून काढली. लिनक्सवर लिहिता यायला लागलं, पण फक्त कमांडच्या आधी सुडो लावून, म्हणजे रूटच्या, सगळ्यात वरच्या मालकाच्या, अधिकाराने. साध्या नावाने नाही. कारण माउंट मी रूट म्हणून केलेलं, त्यामुळे डिस्कवरचं सगळं रूटच्या मालकीचं दिसत होतं. माउंट करतानाच 'यूआयडी बरोबर १०००' असं, म्हणजे माझ्या खात्याचा नंबर, सांगितलं की मालकी माझी. हे दहा मिनिटांत मिटलं.

मग मला हौस आली. दोन नव्या डिस्का घेतल्या आणि त्या लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीने, ईएक्सटी४ ने फॉरमॅट केल्या. जुनी ओळ तशीच वापरून माउंट केलं तर पडद्यावर वाक्य आलं, त्याचा अर्थ असा: फाइल सिस्टिमचा प्रकार चुकीचा, किंवा पर्याय चुकीचा, किंवा सुपरब्लॉक खराब, किंवा आणखी काही. एकाच वाक्यात चार आजार! सुपरब्लॉक म्हणजे डिस्कची मुख्य नोंद, ती खराब वाचून माझे हातपाय गळाले, कोऱ्या डिस्का होत्या. कारण निघालं दुसरंच. 'यूआयडी' हा पर्याय एनटीएफएसला चालतो, कारण त्या डिस्कवर लिनक्सचे मालक लिहिलेले नसतात, ते वरून सांगावे लागतात. ईएक्सटी४ वर मालकी डिस्कमध्येच नोंदवलेली असते, तिला हा पर्याय समजतच नाही. माउंटचा तो संदेश घाबरवायलाच लिहिल्यासारखा आहे. खरं कारण डीमेसेजच्या शेवटच्या दोन ओळींत साध्या शब्दांत होतं. तेव्हापासून माउंट काय म्हणतं ते मी वाचत नाही, थेट तिकडे जातो.

डिस्क काढायची कमांड 'अनमाउंट' नाही, 'युमाउंट' आहे, मधला एन गाळलेला. कामून गाळला कुणास ठाऊक. ती दिली की बऱ्याचदा 'टार्गेट इज बिझी' येतं. मी अर्धा तास कोण बिझी आहे ते शोधत होतो. त्याच फोल्डरच्या आत मीच उभा होतो. एक पायरी बाहेर आलो आणि डिस्क निघाली.

यानंतरचा भाग जरा सावकाश सांगतो, कारण मानवतच्या फोटोंचं मूळ इथे आहे.

हाताने केलेलं माउंट रीस्टार्टनंतर टिकत नाही. आमच्याकडे लाईट दिवसातून दोनदा जाणारच, दर वेळी कोण कमांड देत बसणार? त्यासाठी 'एफएसटॅब' नावाची फाइल असते. कोणती डिस्क कोणत्या फोल्डरवर, एका ओळीत एक. मी लिहिलं: एसडीए१ 'लग्न' वर, एसडीबी१ 'जुने' वर. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवशी लाईट जाऊन आली आणि 'लग्न' उघडलं तर आत जुने फोटो, 'जुने' उघडलं तर आत नवे. एसडीए हे डिस्कचं नाव नव्हेच. आधी जी उठली ती ए, मागून उठली ती बी. शाळेत प्रार्थनेला जो आधी पोचेल तो रांगेत पहिला, तसं. डिस्कचं खरं नाव तिची यूयूआयडी, लांबलचक अक्षरं आणि आकडे, जी फॉरमॅट करताना तिच्यावर कोरली जातात. 'बीएलकेआयडी' कमांडने ती मिळते. एफएसटॅबमध्ये तीच लिहायची. लिहिली.

मग एक दिवस 'जुने'ची डिस्क परभणीला घेऊन गेलो, तिथल्या लॅबला करिझ्मा अल्बम छापायला टाकायचा होता. मागे दुकानात लाईट गेली-आली. परत येऊन बघतो तर पाय मेलेला. लॉगिन होईना, नेटवर्कवर दिसेना. लाल दिवा मात्र लागलेला. घरचा टीव्ही उचलून दुकानात आणला. या मॉडेलला एचडीएमआयची लहान पिन लागते, ती वायर नव्हती, म्हणून ती आणण्यात अजून एक दिवस. टीव्ही लावल्यावर दिसलं की तो दीड मिनिट त्या न लावलेल्या डिस्कची वाट बघतो, नव्वद सेकंद मोजून, आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जातो. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क आली नाही म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय असं तो धरतो. आणि इमर्जन्सी मोडमध्ये तरी काय? रूटचं खातं कुलूपबंद आहे, म्हणून आत येता येणार नाही. दवाखान्यात न्यायला गाडी आली आणि गाडीलाच कुलूप.

यातून सुटायचा पुतण्याने सांगितलेला मार्ग मी इथे तपशिलात लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. मेमरी कार्ड काढलं, विंडोज कॉम्प्युटरला लावलं. विंडोजने विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? नाही! तो जे फॉरमॅट करायला बघतो तो लिनक्सचा भाग आहे, त्याला तो वाचता येत नाही एवढंच. कार्डाचा दुसरा, छोटा भाग विंडोजला दिसतो. त्यात 'सीएमडीलाइन' नावाची टेक्स्ट फाइल आहे, तिच्यात एकच लांब ओळ. त्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'इनिट बरोबर बिन एसएच' जोडायचं, बरोबरच्या खुणेनंतर आणि बिन-एसएचच्या मध्ये तिरक्या रेघा देऊन. ओळ मोडायची नाही, एंटर मारायचा नाही. कार्ड परत पायमध्ये, कीबोर्ड लावायचा, चालू करायचा. आता तो काहीही न विचारता थेट काळ्या पडद्यावर उभा राहतो. पण कार्ड अजून फक्त वाचण्यापुरतं असतं. 'माउंट, रीमाउंट, आरडब्ल्यू' सांगितलं की लिहिता येतं. मग एफएसटॅब उघडून दुरुस्ती. मग 'सिंक', म्हणजे लिहिलेलं कार्डावर पक्कं उतरतं, कार्ड पुन्हा रीड ओन्ली, आणि सरळ वायर काढायची, कारण या अवस्थेत शटडाउनची नेहमीची वाट चालत नाही. शेवटी सीएमडीलाइनमध्ये जोडलेलं विसरू नका, काढून टाका. मी विसरलो होतो, अर्थातच.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. बायको डबा घेऊन दुकानात आली. "काय करायलेत एवढ्या रातच्याला? अन् टीव्ही कधी येणार घरी?" मी म्हणालो, झालंच. त्या वेळी खरंच झालं होतं.

दुरुस्ती एका शब्दाची होती: 'नोफेल'. एफएसटॅबच्या ओळीत हा शब्द टाकला की डिस्क नसली तरी तो अडत नाही, पुढे जातो. जोडीला वाट बघायची वेळ नव्वदवरून दहा सेकंद केली. डिस्क काढून रीस्टार्ट करून बघितलं, झटक्यात चालू. मी खूश. पुतण्यालाही वाटलं काम संपलं.

आता मानवत.

माझ्या त्या हबला प्रत्येक पोर्टाला एक बटण आहे. लाईट जाऊन आली की ती बटणं बंदच राहतात, हाताने दाबावी लागतात. हे मला माहीत नव्हतं, कारण तोवर हब इन्व्हर्टरवर होता आणि इन्व्हर्टरने त्याला कधी झोपू दिलं नव्हतं. एप्रिलमधल्या त्या रात्री लाईट सहा तास नव्हती, इन्व्हर्टर उतरला, सगळं बंद. सकाळी लाईट आली. पाय उठला. डिस्का उठल्या नाहीत. नोफेल होतं म्हणून पायने एका शब्दाची तक्रार केली नाही. माझ्या कॉम्प्युटरवर 'लग्न' हे फोल्डर नेहमीसारखं दिसत होतं. मी मानवतचे फोटो त्यात टाकले, बावीस जीबी. टाकताना एक क्षण वाटलं, आज आत बाकीची लग्नं दिसत नाहीत, फोल्डर मोकळंच आहे. पण बाहेर पासपोर्टवाले तिघे उभे होते. कार्डं फॉरमॅट केली आणि संध्याकाळच्या हळदीला गेलो.

दोन दिवसांनी हबचे दिवे बंद दिसले. बटणं दाबली, पाय रीस्टार्ट केला. 'लग्न'मध्ये जुनी सगळी लग्नं परत आली. मानवत नव्हतं.

मी डिस्कवरचं गेलेलं परत मिळवायचं सॉफ्टवेअर लावून रात्रभर 'लग्न'ची डिस्क पिंजून काढली. डिलीट झालेलं एक जुनं बारसं सापडलं, मानवत नाही. पुतण्याला फोन लावायला मला लाज वाटत होती. शेवटी त्याला फोन केला तो दुसऱ्याच कारणाने. पायवर अपडेट होईना, 'नो स्पेस लेफ्ट' येत होतं. तो म्हणाला, "काका, डीएफ करून बघा." केलं. मेमरी कार्ड जवळजवळ गच्च भरलेलं. बत्तीसचं कार्ड, लिनक्सची ही आवृत्ती काही थोडे जीबी घेते. बाकी काय आहे? 'डीयू' कमांडने प्रत्येक फोल्डरचं वजन केलं, सगळं मिळून चार जीबीच्या आत. वीस-बावीस जीबीचा हिशेब लागेना.

तिकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "काका, तुमच्या लग्नाचे फोटो किती जीबीचे होते?"

माउंट म्हणजे फोल्डरवर डिस्क बसवणं, हे त्याने दिवाळीत सांगितलेलं वाक्य मला तेव्हा कळलं. फोल्डर डिस्कचं नसतं. ते मेमरी कार्डावरचं साधं, रिकामं फोल्डर आहे. डिस्क बसली की ते झाकलं जातं. डिस्क नसली की ते उघडं असतं आणि त्यात कुणीही काहीही टाकू शकतं. ते जातं कार्डावर. मी टाकलेले फोटो कार्डावर गेले, आणि डिस्का परत आल्यावर त्यांच्याखाली झाकले गेले. अंथरलेल्या सतरंजीखाली पैसे राहावेत तसे. डीयूसुद्धा सतरंजीवरूनच चालत होता, म्हणून त्याला दिसले नाहीत.

युमाउंट करून बघता आलं असतं, पण माझी दुसरी कामं डिस्कवर चालू होती. त्याने दुसरी युक्ती सांगितली, 'बाइंड माउंट'. आख्खं कार्ड, त्यावर बसवलेल्या डिस्का वगळून, दुसऱ्याच एका फोल्डरवर दाखव म्हणायचं. दाखवलं. त्यात गेलो, 'लग्न' उघडलं. मानवत. सगळे फोटो, पहिला नवरीच्या हातावरच्या मेंदीचा. मी खुर्चीवरून उठून दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि परत येऊन बसलो. का घेतलं माहीत नाही.

त्याच दिवशी डिस्का काढून त्या दोन्ही रिकाम्या फोल्डरांना 'चॅटर, अधिक आय' लावलं. यामुळे डिस्क नसताना त्या फोल्डरात खुद्द रूटलाही काही टाकता येत नाही, कॉपी करायला गेलं की तिथेच नकार येतो. डिस्क मात्र त्यावर बिनतक्रार बसते. हे काम फोल्डर रिकामं आणि डिस्क काढलेली असतानाच करायचं. नोफेल लिहिणाऱ्या प्रत्येकाने त्याच्या पुढच्या मिनिटाला हे करावं, असं माझं मत आहे. इमर्जन्सी मोडचा मला राग आला होता, पण ते निदान ओरडत तरी होतं. नोफेलने त्याचं तोंड बंद केलं आणि ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायचं मी विसरलो. हबची बटणं पुतण्याने नंतर उघडून सोल्डर केली, आता ती कायम चालूच असतात.

एक जुनी डिस्क अजून त्रास देत होती. डब्यात बसवलेली, मोठी कॉपी चालू असताना मध्येच गोठायची आणि डीमेसेजमध्ये 'यूएएस'च्या तक्रारी. यूएएस म्हणजे यूएसबीवरून जलद बोलायची नवी रीत. काही डब्यांमधल्या चिपांना ती धड जमत नाही. त्या चिपचा नंबर घेऊन सीएमडीलाइनच्या त्याच एका ओळीत सांगितलं, याच्याशी जुन्या रीतीने बोल. वेग कमी झाला, गोठणं थांबलं. मे महिन्यात पायच तापून हळू व्हायला लागला, प्रोसेसर ऐंशी अंशांना पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस आणि मी त्याला कपाटात कोंडलेलं. बाहेर काढून छोटा पंखा लावला.

मानवतचा अल्बम छापून आला. मुलीचे वडील पेनड्राइव्ह घेऊन आले, व्हिडिओही यात द्या म्हणाले. व्हिडिओ साडेसहा जीबीचा, पेनड्राइव्ह सोळाचा, तरी कॉपी होईना: फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्याच्यावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. एक्सफॅट करून दिला. संध्याकाळी फोन.

"भाऊ, टीव्हीवर दिसंना की."

त्यांच्या टीव्हीला एक्सफॅट कळत नव्हतं. पेनड्राइव्ह परत मागवला, फॅट३२ केला आणि व्हिडिओचे तीन तुकडे करून टाकले: हळद, लग्न, वरात.